नवं सीएनसी कोरीवकाम यंत्र: शिरोरेखा सरळ येत नाही, खोलीही एकसारखी नाही

नवशिका_सुतार

नमस्कार मंडळी. पटाशीने कोरायची सवय जुनी आहे, पण संगणकावर चालणारं यंत्र पहिल्यांदाच हाताळतोय. सुट्या भागांतून जोडायचं छोटं तीन अक्षांचं सीएनसी राउटर आहे. चाल साधारण ३०० × १८० मिमी, तिन्ही अक्षांना लीड स्क्रू (फिरून अक्ष सरकवणारा आट्यांचा दांडा), कंट्रोलर जीआरबीएल १.१ (मोटर चालवणारं सॉफ्टवेअर) वर चालणारा, लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला. ईआर११ कॉलेट (बिट धरणारी पकड), ३.१७५ मिमी शँकची (दांड्याची) बिटं.

जोडणी झाली, तिन्ही अक्ष हलतात, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) फिरतो. मग नावाची पाटी कोरायला घेतली आणि तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, शिरोरेखा. सगळी अक्षरं एका रेघेत यायला हवीत, पण इथे प्रत्येक अक्षर आधीच्या अक्षरापेक्षा जरा खाली उतरलंय. पाच अक्षरांत शेवटचं अक्षर जवळपास २ मिमी खाली आहे. शिरोरेखेच्या अक्षरशः पायऱ्या झाल्यात.

दुसरी, खोली. ६० अंशांचं व्ही-बिट (निमुळत्या टोकाचं) वापरलं. डावीकडची अक्षरं नाजूक, उजवीकडची जाडजूड.

तिसरी, कधीकधी मधेच यूएसबी तुटते. अक्ष जागच्या जागी थांबतात, स्पिंडल मात्र फिरत राहतो आणि त्या ठिकाणी लाकूड करपतं.

सॉफ्टवेअरमधलं एकही सेटिंग अजून बदललेलं नाही. सुरुवात कुठून करू?

रंधा

फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) किती ठेवलाय? निम्मा करून बघा. घाई केली की स्टेपर मोटरच्या स्टेप्स (ठरावीक छोटी पावलं) चुकतात आणि अक्षर सरकतं.

गुण्या

सेटिंगला हात लावला नाहीत हे फार बरं झालं. तूर्तास तसंच राहू द्या. तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची मुळं बहुधा वेगळी आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय केल्याने काय सुधारलं ते शेवटपर्यंत कळणार नाही.

रंधा, फीड कमी करण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. त्याने दुखणं दबेल, कळणार नाही. या यंत्रांत स्टेपर मोटरकडून कंट्रोलरला उलट निरोप काहीच येत नाही. कंट्रोलर म्हणतो इतक्या स्टेप्स जा, आणि गेली असं धरून पुढचा हुकूम सोडतो. मोटर अडली, कपलर (मोटर आणि लीड स्क्रू जोडणारा तुकडा) घसरला, काहीही झालं तरी त्याच्या हिशेबात सगळं ठीक. म्हणून चूक साठत जाते आणि प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा खाली दिसतं.

आता एक मार्कर घ्या. वाय अक्षाच्या मोटरचा शाफ्ट, त्यावरचा कपलर आणि लीड स्क्रू, या तिन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ ओढा. फळीवर शून्याच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारा. मग तीच फाइल त्याच फीडने पुन्हा चालवा आणि शेवटी एक्स-वाय शून्यावर परत आणा.

बिट फुलीवर आलं नाही आणि मार्करची रेघ शाफ्ट व कपलरच्या सांध्यात तुटलेली दिसली, तर कपलरचा ग्रब स्क्रू (कपलर आवळून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) ढिला आहे. रेघ कपलर आणि लीड स्क्रूच्या सांध्यात तुटली तर पलीकडचा ग्रब स्क्रू. रेघ अखंड आहे आणि तरी बिट फुलीपासून दूर, तर मोटरच्या स्टेप्स चुकताहेत. मग ड्रायव्हरचा करंट, जीआरबीएलच्या $१२१ या सेटिंगमधलं वाय अक्षाचं ॲक्सिलरेशन आणि रेल कुठे जड चालतेय का, हे बघू. बिट बरोबर फुलीवर आलं आणि अक्षरं तरीही उतरलेली, तर यंत्र निर्दोष आहे आणि फाइलच तशी आहे.

खोलीसाठीही असंच. कोरणं संपल्यावर बिट ज्या जागी कागद धरून झेड शून्य (बिट लाकडाला टेकण्याची उंची) लावला होता त्याच जागी न्या आणि झेड शून्यावर उतरवा, खाली कागद धरून. कागद पहिल्यासारखाच अडकला तर झेड शाबूत आहे, फळी किंवा बेड तिरका आहे. बिट लाकडात घुसलं, तर ते कॉलेटमधून खाली सरकलंय किंवा झेडच्या वर जाताना स्टेप्स चुकताहेत. त्या दोन्हींतला फरक ओळखायला कॉलेटच्या तोंडाशी बिटवर मार्करची खूण करून ठेवा.

वायरमन

तिसऱ्या तक्रारीचं मी बघतो. तीच फाइल तीन प्रकारे चालवा. आधी बिट लाकडाच्या बरंच वर ठेवून, स्पिंडल बंद. मग तसंच हवेत, पण स्पिंडल चालू. मग प्रत्यक्ष लाकडात.

स्पिंडल बंद असतानाही तुटली तर केबल, पोर्ट किंवा लॅपटॉपचं वीज वाचवण्याचं सेटिंग, जे थोड्या वेळाने यूएसबी पोर्ट झोपवतं. स्पिंडल चालू होताच हवेतही तुटत असेल तर स्पिंडलच्या ब्रशवाल्या मोटरचा विद्युत गोंगाट. आणि फक्त लाकूड कापतानाच तुटत असेल तर थरथरीने कुठलं तरी कनेक्टर हलतंय, किंवा भुसा ओढणाऱ्या नळीत स्थिर वीज साठतेय.

एक कळकळीची सूचना. वीज चालू असताना मोटरचं कनेक्टर कधीही काढू किंवा घालू नका. ड्रायव्हरची चिप तिथल्या तिथे जाऊ शकते.

आणि हे आधीच माहीत असू द्या: यूएसबी तुटून पुन्हा जोडली की बोर्ड बहुधा रीसेट होतो आणि आपण कुठे आहोत हे विसरतो. होमिंगचे स्विच (यंत्राला आपली सुरुवातीची जागा ओळखू देणारे) नसतील तर शून्य पुन्हा हातानेच लावावा लागतो. त्यामुळे गुण्या म्हणतात ती पेन्सिलीची फुली नेहमीसाठी पाळा.

भुसा

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. स्पिंडल एका जागी फिरत राहून लाकूड करपलं असं लिहिलंत, ते वाचून काळजी वाटली. कोरणं चालू असताना यंत्रापासून उठून जाऊ नका. बोथट बिट एका जागी घासत राहिलं की ठिणगी धरते, ती भुशात पडून बराच वेळ धुमसते आणि ओढणाऱ्या पंख्याच्या पिशवीत गेली तर आग लागते. आणीबाणीचं लाल बटण हाताच्या अंतरावर ठेवा आणि ते स्पिंडलचीही वीज तोडतं ना, हे तपासून घ्या. काही छोट्या यंत्रांत ते फक्त अक्ष थांबवतं.

मास्कसुद्धा. एमडीएफचा किंवा सँडिंगचा बारीक भुसा डोळ्यांना दिसत नाही इतका हलका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. साधं कापड पुरत नाही, एन९५ किंवा त्या तोडीचा मास्क हवा. पटाशीच्या ढलप्या आणि राउटरचा भुसा यांत या बाबतीत फार अंतर आहे.

नवशिका_सुतार

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचण्या केल्या, निकाल असे.

वाय अक्ष: बिट फुलीपासून दूर थांबलं. मार्करची रेघ मोटरचा शाफ्ट आणि कपलर यांच्या मधोमध तुटलेली. ॲलन की लावली तर ग्रब स्क्रू जोर न लावता फिरला. कपलर मोटरवर बसवूनच आला होता. शाफ्टला एक सपाट बाजू आहे आणि स्क्रू तिच्या शेजारी गोलाईवर टेकला होता.

खोली: कागद पहिल्यासारखाच अडकला. बिटवरची खूणही हलली नाही. म्हणजे बेड?

यूएसबी: स्पिंडल बंद ठेवून हवेत फाइल पूर्ण झाली. स्पिंडल चालू केल्यावर हवेतच तुटली.

रंधा

मार्करची युक्ती मस्त. फीडचा सल्ला मागे घेतो, इथे त्याचा काही उपयोग नव्हता.

गुण्या

उत्तम निदान. आता स्क्रू पूर्ण बाहेर काढा, शाफ्ट फिरवून सपाट बाजू बरोबर स्क्रूसमोर आणा आणि मग आवळा. स्क्रूच्या आट्यांवर निळ्या रंगाचं, पुन्हा सोडवता येणारं थ्रेडलॉकर एक थेंब पुरे. लाल रंगाचं वापरू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. एक्स आणि झेडचे कपलरही याच निमित्ताने तपासा. एका अक्षाचा असा आला असेल तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

बेडबद्दल. व्ही-बिट तिरकेपणा फार ठळक दाखवतं. ६० अंशांच्या बिटने खाचेची रुंदी खोलीच्या सुमारे १.१५ पट होते. बेड एका टोकाला अर्धा मिमी वर असला की रेघ तिथे ०.५८ मिमीने जाड. ९० अंशांच्या बिटने तर पूर्ण १ मिमी. सरळ बिटने नुसता खळगा काढला असतात तर हे डोळ्यांत भरलं नसतं.

उपाय म्हणजे बेडवर एमडीएफचा एक बळीचा तुकडा, म्हणजे स्पॉइलबोर्ड, कायमचा स्क्रूने बसवायचा. स्क्रूची डोकी चांगली खोल बुडवायची. मग यंत्राच्याच सपाट बिटने त्याचा पूर्ण पृष्ठभाग ०.२-०.३ मिमीच्या थराने तासायचा. आधी बोर्डभर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारून ठेवा. तासल्यावर कुठे रेघ शिल्लक राहिली तर तिथे बिट पोचलंच नाही, अजून एक थर घ्या. एकही रेघ न उरेपर्यंत.

तासल्यावर त्यावर नख फिरवा. एकेका फेरीच्या कडेला बारीक पायरी लागत असेल तर स्पिंडल स्वतःच बेडशी काटकोनात नाही. पुढेमागे झुकलाय की डावीउजवीकडे, हे पायऱ्या कुठल्या दिशेच्या फेऱ्यांत लागतात त्यावरून कळतं. स्पिंडलच्या पट्टीखाली कागदाची पातळ घडी सरकवून तो काटकोनात आणता येतो.

तिसरा_अक्ष

बेड तासण्याऐवजी हाइट मॅप का नको? सॉफ्टवेअर जागोजागी उंची मोजून खोली आपोआप जुळवतं.

गुण्या

तांब्याच्या पत्र्यासाठी ते झकास चालतं, कारण बिट पत्र्याला टेकताच विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. लाकडातून वीज वाहत नाही. प्रत्येक बिंदूवर धातूची चकती हाताने ठेवावी लागेल. शिवाय बेड तिरका तो तिरकाच राहतो. बोर्ड एकदा तासा, पुढच्या प्रत्येक कामाला त्याचा फायदा.

वायरमन

गोंगाट स्पिंडलचा आहे हे पक्कं. आता एकेक उपाय करा आणि प्रत्येकानंतर हवेत चालवून बघा. आधी स्पिंडलच्या तारा यूएसबी आणि लिमिट स्विचच्या (चालीच्या टोकाला अक्ष थांबवणाऱ्या) तारांपासून लांब घ्या. एकाच प्लास्टिकच्या साखळीत सगळ्या कोंबल्या असतील तर वेगळ्या करा, एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. मग यूएसबी केबल: आखूड, शील्ड असलेली, टोकाला फेराइटचा (गोंगाट अडवणारा) गोळा असलेली. मग लॅपटॉप चार्जरशिवाय बॅटरीवर. एवढ्याने भागलं नाही तर स्पिंडल मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. आणि यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला नीट अर्थिंग.

पुढेमागे लिमिट स्विच बसवलेत आणि कारण नसताना अलार्म १ यायला लागला तर तोही याच गोंगाटाचा भाऊबंद समजा. अलार्म २ वेगळा, तो फाइल यंत्राच्या चालीबाहेर जायला सांगतेय म्हणून येतो.

ढलपी

धाग्यात मधेच घुसतोय, माझंही यंत्र नवीन आहे. माझी अक्षरं जागेवर येतात, पण कडा काळपट होतात आणि वरच्या कडेला तंतू उभे राहतात. फीड मिनिटाला ३०० मिमी ठेवलाय, स्पिंडल मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर, दोन धारांचं बिट. अजून हळू करू का?

गुण्या

हळू केलंत तर आणखी करपेल. प्रत्येक धार एका फेरीत किती लाकूड उचलते ते काढा: फीड भागिले (फेरे गुणिले धारा). तुमचं ३०० भागिले २०,०००, म्हणजे ०.०१५ मिमी. एवढ्या पातळ थरात धार कापत नाही, नुसती घासते आणि तापते. फीड १००० केलात तर ०.०५ मिमी होईल. यंत्र नाजूक असेल तर खोली कमी ठेवा, बिटच्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा कमीच, पण फीड वाढवा. किंवा फेरे कमी करा. कापताना पिठासारखा भुसा पडत असेल तर घासतंय. बोटांत धरता येतील असे बारीक कण पडायला हवेत.

तंतूंचं कारण बहुतेक अपकट बिट. त्याचा पीळ भुसा वर ओढतो आणि वरचे रेषेही उचलतो. वरची कड स्वच्छ हवी असेल तर डाउनकट, पण त्यात भुसा खाचेत दाबला जातो, म्हणून खोली आणखी कमी. मऊ लाकडात रेषांना आडवं जाताना थोडे तंतू येणारच. कोरण्याआधी पातळ शेलॅकचा हात मारून पूर्ण वाळू दिला तर रेषे ताठ होतात आणि स्वच्छ तुटतात.

लेखणी

देवनागरी कोरणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र मुद्दा, कारण इथे बरेच जण अडकतात. पुष्कळ टूलपाथ (बिटचा मार्ग आखणाऱ्या) सॉफ्टवेअरना देवनागरीची जुळणी येत नाही. जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. मजकूर तिथे टाइपच करू नका. इंकस्केपमध्ये युनिकोड फाँटने लिहा, मग ऑब्जेक्ट टू पाथ करा.

त्यानंतरचं पाऊल फार महत्त्वाचं. प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर थोडा चढतो. पडद्यावर एक सलग रेघ दिसते, पण फाइलमध्ये प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी असते. तशीच कोरायला दिलीत तर बिट प्रत्येक सांध्यात आत वळून परत येतं आणि शिरोरेखेवर गाठी पडतात. म्हणून ग्रुप सोडवून सगळी अक्षरं निवडा आणि युनियन करा. आउटलाइन दृश्यात शिरोरेखेच्या आत एकही उभी रेघ दिसता कामा नये. ज्या अक्षरांत शिरोरेखा मुळातच तुटते, जसे ध आणि भ, तिथे ती तुटलेलीच राहू द्या. घाईत पट्टी ओढून जोडलीत तर ध चा घ आणि भ चा म वाचला जातो.

नवशिका_सुतार

लेखणी, हे अगदी वेळेवर आलं. माझ्या फाइलमध्ये सांध्यांवर खरंच बारीक गाठी होत्या, त्या मी यंत्राच्या माथी मारत होतो.

आता ताजी स्थिती. ग्रब स्क्रू सपाट बाजूवर बसवला, थ्रेडलॉकर लावलं. एक्सचा कपलर घट्ट होता, झेडचा किंचित ढिला निघाला. स्पॉइलबोर्ड तासला. तारा वेगळ्या केल्यावर संपर्क तुटणं बरंच कमी झालं, फेराइटवाली आखूड केबल लावल्यावर थांबलंच. शिरोरेखा पट्टी लावून पाहिली, सरळ आहे. डावीउजवीकडे जाडीतही फरक दिसत नाही.

एक नवीन गोष्ट मात्र दिसली. पाटीच्या कोपऱ्यात वर्तुळ आहे, ते चार ठिकाणी किंचित चपटं येतं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आणि १०० मिमीची रेघ मोजली तर ९९.७ भरते. स्टेप्स प्रति मिमी बदलू का?

तिसरा_अक्ष

हो, $१०० आणि $१०१ (एक्स आणि वायच्या स्टेप्स प्रति मिमी) बदला. जुना आकडा गुणिले १००, भागिले ९९.७. मी तसंच केलं होतं.

गुण्या

पट्ट्याच्या यंत्रावर ते ठीक आहे, पट्ट्याचा ताण आकडा थोडा हलवतो. लीड स्क्रूच्या यंत्रावर मी तसं करणार नाही. तिथे आकडा गणिताने ठरतो. मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप्स, ड्रायव्हर प्रत्येकीचे १६ भाग करतो, म्हणजे ३,२००. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकवत असेल तर ८०० स्टेप्स प्रति मिमी. ८ मिमी असेल तर ४००. छोट्या रेघेत तूट आणि मोठ्या रेघेतही तेवढीच तूट येत असेल, तर तो बॅकलॅश आहे, म्हणजे नट आणि स्क्रू यांच्यातली मोकळी हालचाल. ५० मिमीची रेघ कोरून मोजा. ४९.८५ आली तर स्टेप्सचा आकडा खोटा. ४९.७ आली तर बॅकलॅश.

चपटं वर्तुळही त्याचीच साक्ष देतंय. त्या चार जागी एकेक अक्ष दिशा बदलतो आणि नटमधली मोकळीक भरून निघेपर्यंत तो हलतच नाही. स्टेप्सचा आकडा चुकला असता तर वर्तुळ लंबगोल किंवा नुसतं लहान झालं असतं.

नवशिका_सुतार

५० ची रेघ ४९.७ भरली.

गुण्या

मग सेटिंग आहे तसंच ठेवा. कॅरेजखाली पितळी नट बघा. बहुतेक यंत्रांत दोन नट असतात आणि मधे स्प्रिंग. स्प्रिंग दबलेली नसेल तर दुसरा नट एखादा फेरा फिरवून स्प्रिंग दाबा आणि पुन्हा बसवा. वीज बंद करून स्क्रू हाताने फिरवून पाहा, जड व्हायला लागला तर थोडं मागे घ्या. लीड स्क्रू टोकाशी बेअरिंगमध्ये पुढेमागे होतो का, तेही कॅरेज हाताने ढकलून तपासा. नट घट्ट असूनही कपलरच दाबला-ताणला जात असेल तर मोकळीक तिथून येते.

नवशिका_सुतार

वायचा नट सैल होता, एक्समध्ये बेअरिंगपाशी फट होती. दोन्ही आवळले. वर्तुळ आता हाताला गोल लागतं, ५० ची रेघ ४९.९५. यापुढे पाटीभोवती वेलबुट्टी उठावात कोरायची आहे. गोल टोकाचं ३ मिमीचं बिट आहे. स्टेपओव्हर (दोन शेजारच्या फेऱ्यांमधलं अंतर) किती ठेवू?

रंधा

आधी सपाट बिटने जादा लाकूड काढून घ्या, अर्धा मिमी शिल्लक ठेवून. गोल बिटने थेट सगळं उकरायला लावलंत तर टोक मोडेल.

गुण्या

रंधा सांगतात ते बरोबर. शेवटच्या हातासाठी व्यासाच्या दहा टक्क्यांपासून सुरू करा, तुमच्यासाठी ०.३ मिमी. पाच टक्के केलेत तर पॉलिशपेपरचं काम कमी होईल, पण वेळ दुप्पट लागेल. फेऱ्या रेषांच्या दिशेने ठेवा, आडव्या नकोत. पूर्ण वेल घेण्याआधी एकच पान वेगळं काढून टाकाऊ तुकड्यावर कोरा, त्याच लाकडाच्या. त्या पानाचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, देठाजवळची बारीक जागा ३ मिमीच्या बिटला जमतेय की आणखी लहान बिट लागेल ते त्यावरून सांगता येईल.